वांगी हिरवीगार असताना मान टाकतात तेव्हा: घरच्या मळ्यातलं एक पूर्ण प्रकरण

मळा कुडाळ तालुक्यातला, घराच्या मागच्या बाजूला, साधारण १२ गुंठे, उताराची जांभ्याची लाल माती. विहीर खालच्या अंगाला, तिथून मोटरने पाणी वरच्या कुंडीत चढवायचं आणि कुंडीतून पाटाने वाफ्यावाफ्यात सोडायचं, ही पद्धत सासऱ्यांच्या वेळेपासूनची. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, कारली, खाली भेंडी, काकडी, चिबूड, कुंपणाच्या कडेला अळू आणि सुरण, आणि भात कापून झालं की खरा मळा लागतो, म्हणजे वांगी, मिरची, टोमॅटो, मुळा, लाल माठ, नवलकोल, वाल, कोथिंबीर. मळा बघतो आम्ही तिघं, आई म्हणजे माझ्या सासूबाई, भाऊजी आणि मी. सकाळी उजाडलं की आधी माकडं हाकलायची, मग वीज असेल तोवर शिंपणं उरकायचं, मग काढणी, मग निवडून जुड्या बांधून घरातलं घरात ठेवायचं, वाडीत द्यायचं ते द्यायचं, उरलेलं बाजाराच्या दिवशी न्यायचं, आणि कोणी चाकरमानी मुंबईला निघालेला असेल तर त्याच्या पिशवीत आमची वांगी असतातच. सांगायचा मुद्दा हा की हा मळा हौसेचा नाही, वर्षातले सात-आठ महिने घरात भाजी विकत येत नाही.

हे प्रकरण लिहून काढतेय कारण आमच्या भागात दर हिवाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या मळ्यात हेच होतं, आणि प्रत्येक जण दुकानातून काहीतरी बाटली आणून ओततो आणि पुढच्या वर्षी परत तेच.

झालं असं की वांग्याची शंभरेक रोपं नोव्हेंबरात लावलेली, शेजारच्या वाफ्यांत टोमॅटो, सगळं छान फोफावलेलं, पहिली वांगी काढून भाजी पण झाली होती. डिसेंबर संपता संपता दुपारी एका वाफ्यातली दोन-तीन झाडं मलूल दिसली. संध्याकाळी परत ताठ. आई म्हणाली ऊन लागलं असेल, पाणी दे, दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत मलूल, परत संध्याकाळी बरी, आणि मग एका सकाळी बघते तर झाड उभं, पानं हिरवी, पण सगळी पानं खाली लोंबलेली, आणि ते परत उठलंच नाही. पिवळं पडणं नाही, पानावर डाग नाही, काही नाही. त्यानंतर रोज एक-दोन झाडं जायला लागली आणि मग टोमॅटोवर आलं.

आता अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. भाऊजींना पहिल्यांदा वाटलं शेंडे पोखरणारी अळी असेल, कारण वांग्याला ती असतेच, पण त्या अळीत फक्त शेंडा वाकतो, आणि वाकलेला शेंडा चिरला की आत अळी किंवा तिची घाण सापडते. आमच्याकडे अख्खं झाड बसत होतं आणि शेंडे चिरले तर आत स्वच्छ. वाडीतले एक काका ठामपणे म्हणाले वाळवी, मुळात औषध ओत. झाड उपटून बघितलं, बुंध्याला मातीची नळी नाही, साल खाल्लेली नाही, मुळं शाबूत. हुमणी असती तर मुळंच तोडलेली दिसली असती. मुळांवर गाठी आहेत का ते पण बघितलं, कारण सूत्रकृमी असले तर मुळावर मण्यांसारख्या गाठी येतात, त्या नव्हत्या. बाजारातल्या एका कृषी दुकानात झाडाचं वर्णन केल्यावर त्यांनी झाड न बघताच तांब्याचं बुरशीनाशक दिलं, मुळाशी ओता म्हणाले. भाऊजींनी एका वाफ्याला ओतलं. त्या वाफ्यातली झाडं बाकीच्यांसारखीच गेली, एक दिवस इकडे ना तिकडे.

मला तेव्हा सगळ्यात जास्त खटकत होतं ते हे की झाडं कुठेही मरत नव्हती, ठराविक जागीच मरत होती. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पानामागे मळा काढला, कुंडी, पाट, वाफे, आणि मेलेल्या प्रत्येक झाडाला फुली. काढल्यावर समजायला वेळ लागला नाही. कुंडीतून निघणारा मुख्य पाट पहिल्या वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा खाली उतरतो. पहिल्या दोन वाफ्यांत एकही फुली नाही, तिसऱ्यात सुरुवात, चौथ्यात जास्त, आणि खाली पाचव्या-सहाव्यात टोमॅटोमध्ये फुल्याच फुल्या. मिरचीला पाणी दुसऱ्या फाट्याने जातं, ती अगदी दोन हातांवर असूनही साफ होती. म्हणजे जे काही होतं ते पाण्याबरोबर चालत होतं, आणि त्याचं घर तिसऱ्या वाफ्यात होतं.

मग आईला विचारलं की तिसऱ्या वाफ्यात आधी काय काय होतं. ती म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात थंयच टोमॅटो सुकले नाय काय, वळवाचो पाऊस पडलो त्येच्या मागसून." खरंच होतं ते, तेव्हा सगळ्यांनी उन्हावर ढकललं होतं आणि ती वाळलेली झाडं तिथेच कुदळीने मातीत दाबली होती, खत होईल म्हणून. आणि त्या पट्ट्यात पाणी पटकन पोचतं म्हणून वर्षानुवर्षं वांगी नाहीतर टोमॅटो, टोमॅटो नाहीतर वांगी, असंच चाललेलं.

ग्लासातली परीक्षा

ही परीक्षा प्रत्येक मळेवाल्याला यायलाच हवी असं माझं स्पष्ट मत आहे, खर्च शून्य आणि उत्तर तिथल्या तिथे. नुकतंच मान टाकलेलं झाड घ्यायचं, चार दिवसांपूर्वी वाळलेलं नको, त्यात काही दिसत नाही. जमिनीलगतचा खोडाचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापायचा, धुवून पुसून घ्यायचा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी, आणि तो तुकडा दोऱ्याने नाहीतर कपड्याच्या चिमट्याने असा टांगायचा की कापलेलं खालचं टोक फक्त पाण्यात बुडेल. ग्लास हलवायचा नाही. मागे काळा कागद किंवा काळं कापड धरलं तर अजून नीट दिसतं. आणि शेजारी दुसऱ्या ग्लासात निरोगी झाडाचा तुकडा ठेवायचा, नाहीतर तुलना कशाशी करणार.

आम्ही ओटीवर ठेवले दोन्ही ग्लास. काही मिनिटांतच रोगट तुकड्यातून दुधाळ धागे निघून सरळ खाली तळाकडे उतरायला लागले, हळू, पण अगदी स्पष्ट, आणि थोड्या वेळाने ते पाणी गढूळ झालं. निरोगी तुकड्याचा ग्लास होता तसाच. भाऊजी आणि ते वाळवीवाले काका दोघंही वाकून बघत होते, आणि त्यानंतर वाळवीचा विषय निघाला नाही. बुरशीने होणाऱ्या मर रोगात पण खोड आतून तपकिरी दिसतं, पण त्यात खालची पानं आधी पिवळी पडतात, झाड सावकाश जातं आणि ग्लासात असे धागे उतरत नाहीत. आमच्या झाडांचं खोड उभं चिरल्यावर सालीच्या आत तपकिरी पट्टे होतेच, त्यामुळे नुसतं चिरून बघितलं असतं तर बुरशी समजून बसलो असतो.

म्हणजे हा जिवाणूजन्य मर रोग. जिवाणूचं नाव राल्स्टोनिया सोलॅनासिएरम, एर्विन स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९६ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हापासून जगभरच्या उष्ण दमट भागांत लोक त्याच्याशी झगडतायत. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एका कुळातली पिकं तर झालीच, पण आलं, भुईमूग, केळी धरून दोनशेवर वनस्पतींवर त्याचे वेगवेगळे प्रकार जगतात. मातीतून मुळात शिरतो, खुरपणीत मुळाला झालेली जखम किंवा नवीन मूळ फुटतं ती बारीक फट त्याला पुरते. आत गेला की पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये वाढतो आणि चिकट द्रव तयार करतो, त्याने नळ्या तुंबतात. म्हणूनच पानं हिरवी असताना झाड तहानेने मरतं, आणि म्हणूनच आईने दिलेलं जास्तीचं पाणी वर पोचतच नव्हतं, उलट ते पाणी जिवाणूला पुढच्या वाफ्यात घेऊन जात होतं. तिशीच्या आसपासचं तापमान आणि ओली माती त्याला मानवते, आपल्या कोकणातला हिवाळासुद्धा त्याच्यासाठी बरा आहे, आणि पाटपाण्यावरचा मळा तर आयतं घर.

लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही, हे आधी मान्य करावं लागतं. दुकानात अँटिबायोटिकची पुडी पण पुढे केली गेली, पण पानावर फवारलेलं औषध खोडातल्या नळ्यांत बसलेल्या जिवाणूपर्यंत कामाचं पोचत नाही, आणि ज्या वांग्याचं भरीत घरातली पोरं खाणार त्याच्यावर अँटिबायोटिक मारायला मी तयार नव्हते आणि नाही.

मग केलं काय

पहिलं काम पाणी तोडणं. तिसऱ्या वाफ्याच्या वर पाट बंद केला, पहिल्या दोन वाफ्यांचं पाणी बाजूने बाहेर काढलं, आणि खालच्या उरलेल्या झाडांना पाइपने प्रत्येकाच्या बुंध्याशी वेगवेगळं पाणी. वेळखाऊ काम आहे हे, पाट फोडला की वाफा आपोआप भरतो आणि तेवढ्यात दुसरीकडची लाल माठ काढून होते, इथे पाइप धरून उभं राहावं लागतं. शिंपण्याची सकाळ जवळपास दुप्पट झाली. आईची त्यावरून चिडचिड झाली आणि मला ती समजत होती, तिच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं, म्हणून ते काम भाऊजींनी आणि मी वाटून घेतलं.

दुसरं, मान टाकलेलं झाड दिसलं की त्याच दिवशी मुळासकट, मुळाभोवतीच्या मातीसकट काढून घमेल्यात, आणि घमेलं थेट मळ्याबाहेर. खताच्या खड्ड्यात नाही, गुरांपुढे नाही, बांधावर फेकणं नाही. दगडावर कडक वाळवून जाळलं. तिसरं, खुरपं आणि कुदळ. वरच्या वाफ्यांत आधी काम, रोगट वाफ्यांत शेवटी, आणि नंतर हत्यारं आणि पायातल्या चपला धुवून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढायच्या. रोगट वाफ्यांत खुरपणी जवळजवळ थांबवली, तण हाताने वरच्या वर, कारण मुळाला जितकी कमी इजा तितकं बरं.

एवढं करून खालच्या वाफ्यांतले टोमॅटो वाचले नाहीत, ते गेलेच. चौथ्या वाफ्यातली निम्मी वांगी मात्र शेवटपर्यंत राहिली, आणि पहिले दोन वाफे आणि मिरची पूर्ण वाचली.

सगळ्यात अवघड गेलं ते रोपं न देणं. आमच्याकडून दरवर्षी वाडीत मिरची-वांग्याची रोपं जातात, कोणी पैसे घेत-देत नाही, त्या बदल्यात कोणी नारळ देतं, कोणी हळदीचं बियाणं देतं, आणि तेवढ्या निमित्ताने चार माणसं येतात बसतात. आमची रोपवाटिका त्याच तिसऱ्या वाफ्याच्या टोकाला. त्या वर्षी उशिरा लावायला म्हणून वाढवलेली दुसरी रोपं तयार होती, दिसायला एकदम तजेलदार, आणि तोच धोका, कारण रोप वरून निरोगी दिसत असताना जिवाणू आत असू शकतो. शेजारच्या काकी आल्या, "काय गो, यंदा रोपां नाय माका?" मी काहीतरी सांगायच्या आत आईनेच सांगितलं, "रोपां देऊन तुझो मळो खराब करूचो नाय माका." काकींना ते तेव्हा पटलं नाही, जराशा नाराज होऊनच गेल्या. पण माझ्या मते या प्रकरणात घेतलेला सगळ्यात बरोबर निर्णय तोच होता, आणि तो आईचा होता. पाट आपल्या मळ्यापुरता असतो, रोपं आणि रोपांच्या मुळाची माती अख्ख्या वाडीत फिरते.

उन्हाळा आणि पावसाळा

मार्चअखेर रोगट वाफे रिकामे झाले. माती तपासून घेतली होती, पीएच ५.४ आला, म्हणजे माती आंबट, आपल्याकडच्या जांभ्याच्या मातीला तो नवीन नाही. चुना घातला, मोजून, मातीत मिसळून, पावसाच्या बराच आधी. चुन्याने जिवाणू मरतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण आंबटपणा कमी होतो, झाडाला कॅल्शियम मिळतं आणि ज्याला ते नीट मिळतं ते टोमॅटोचं झाड या रोगापुढे जरा जास्त तग धरतं.

मग एप्रिल-मे मध्ये वाफे ओले करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक, कडा मातीत दाबून, जवळपास सहा आठवडे. काळं प्लास्टिक नको, ऊन आत जायला हवं, आणि माती ओली हवी, कोरड्या मातीत उष्णता खाली उतरत नाही. भाऊजी म्हणाले त्यापेक्षा राब भाजूया, भाताच्या तरव्याला भाजतो तसं. राबाने वरची माती चांगली भाजते, तणाचं बी जातं, पण आग तासाभरात विझते आणि धग बोट-दोन बोटांखाली फारशी जात नाही. प्लास्टिकखाली रोज दुपारी तीच माती तापत राहते, आठवडे. तरी यानेही वीत-दीड वीत खाली बसलेला जिवाणू संपत नाही, फक्त वरच्या थरातला भार कमी होतो, एवढीच अपेक्षा ठेवून केलं.

खरा भरवसा होता तो पिकं बदलण्यावर. सगळ्यात खालचे दोन वाफे, म्हणजे जिथे टोमॅटो साफ झाले होते ते, बांध घालून भाताखाली घेतले. पाणी साचलेल्या भाताच्या चिखलात हवा नसते, ते या जिवाणूला सोसत नाही, आणि भातावर तो जगतही नाही. आईला हे लगेच पटलं कारण ते वाफे तसेही पावसात दलदलीचेच असतात. तिसऱ्या आणि चौथ्यात मका आणि चवळी, हिवाळ्यात मुळा आणि कांदा. आणि वाफ्यांतलं रिंगणी, कामोणी असलं वांग्याच्या कुळातलं तण दिसलं की काढायचंच, कारण पीक बदललं आणि तण तसंच ठेवलं तर जिवाणूला उपास घडतच नाही.

बियाणं पण बदललं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा टोमॅटोचा संकरित वाण जिवाणूजन्य मर, पानं मुरडणारा विषाणू आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकार करणारा आहे, तो आणला. केरळ कृषी विद्यापीठाचे सूर्या, श्वेता, हरिता हे वांग्याचे आणि उज्ज्वला, अनुग्रहा हे मिरचीचे वाण याच रोगासाठी ओळखले जातात, केरळची माती-पाऊस आपल्यासारखाच असल्यामुळे तिथे हा त्रास मोठा. आपल्याला जवळचं म्हणजे जुन्या गोव्यातली आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) किनारी कृषी संशोधन संस्था, त्यांनी वांग्याच्या या मर रोगावर बरंच काम केलंय. फक्त एक लक्षात ठेवायचं, जिवाणूचे स्थानिक प्रकार वेगळे असतात, एका जागी टिकलेला वाण दुसऱ्या जागी पडू शकतो, म्हणून आधी थोडी रोपं लावून बघायची.

आणि आमचं घरचं काटेरी वांगं, ते कसं सोडणार, त्याची चव दुसऱ्याला नाही. त्याच्यासाठी कलम. सोलॅनम टोर्व्हम नावाच्या रानवांग्याच्या रोपावर घरच्या वांग्याचा कोंब पाचरीने बसवायचा, सिलिकॉनची क्लिप लावायची, आणि आठ-दहा दिवस सावलीत, दमट हवेत, प्लास्टिकच्या झाकणाखाली ठेवायचं. त्या रानवांग्याचं बी उगवायला फार वेळ लावतं आणि एकसारखं उगवत नाही, त्यामुळे ते घरच्या वांग्याच्या बरंच आधी पेरावं लागतं. पहिल्या खेपेची बरीच कलमं सुकली, दुसऱ्या खेपेला हात बसला. लावताना जोड मातीच्या वर राहील हे बघायचं, नाहीतर वरच्या वांग्याला स्वतःची मुळं फुटतात आणि सगळी मेहनत फुकट. जागतिक भाजीपाला केंद्र, जे तैवानमध्ये आहे, ते टोमॅटोचं कलम ईजी २०३ नावाच्या वांग्यावर करायला सांगतं, कारण वांग्याची मुळं साचलेलं पाणीही सोसतात. ते आम्ही अजून केलेलं नाही.

पुढचा हिवाळा

वांगी, टोमॅटो वरच्या दोन वाफ्यांत आणि मिरचीच्या फाट्यावर, उंच गादीवाफ्यांवर, ठिबकवर. ठिबकचा खर्च झाला, पण शिंपण्याची सकाळ परत आटोक्यात आली आणि आईचा राग गेला. रोपं मळ्याच्या मातीत नाहीत, ट्रेमध्ये कोकोपीटात, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. अर्का रक्षकची काही झाडं पानांच्या दुसऱ्या रोगाने खराब झाली, मर रोगाने एकही गेलं नाही. कलमी वांगी मार्चपर्यंत काढली. बिनकलमी घरच्या वांग्यांतली टोकाची दोन झाडं गेली, ग्लासात धागे दिसले, त्याच दिवशी उपटली, पुढे पसरलं नाही, कारण आता एका झाडाचं पाणी दुसऱ्याकडे जातच नाही. काकींना ट्रेमधली मिरचीची रोपं पोचवली, आणि त्यांच्याकडे एक वांगं बसलं तेव्हा त्या स्वतः ग्लास घेऊन आल्या, दाखवायला.

तिसरा वाफा वांगी-टोमॅटोला अजून बंद आहे. भाताच्या दोन वाफ्यांत आणखी एक पावसाळा भात घ्यायचं ठरलंय, त्यानंतर तिथे पाच-सहा साध्या, प्रतिकार नसलेल्या टोमॅटोची रोपं लावून बघणार, फळासाठी नाही, मातीची परीक्षा म्हणून. ती फळावर येऊन उभी राहिली तर त्या वाफ्यात कलमी वांगी, आणि त्या टोमॅटोंतलं एक जरी बसलं तर परत भात.